प्रयोग फसू द्या

जुलै महिन्यात लालबागमध्ये कंगव्याचा प्रयोग करू नये. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासा, कागदाच्या कपट्यांजवळ न्या, कपटे उडून त्याला चिकटतील. आमच्या चाळीत पावसाळ्यात ते चिकटत नाहीत. ढिम्म हलत नाहीत. पोरगं पुन्हा पुन्हा भांग पाडतं, कंगवा खाली नेतं, आणि कपटे फरशीवर तसेच. मग आई आतून ओरडते, ‘राहू दे रे आता, अभ्यासाला बस.’ अभ्यास नेमका त्या क्षणाला सुरू झालेला असतो आणि आपण तो बंद पाडतो, असं माझं मत आहे.

परळच्या एका मराठी शाळेत मी विज्ञान शिकवत असे. निवृत्त झाल्यावर वेळ मोकळा झाला आणि चाळीची गॅलरी होतीच. रविवारी सकाळी आसपासच्या खोल्यांमधली मुलं जमतात. शिकवणी नाही, फी नाही, वही नाही; पाठकोरे कागद आणि एक पेन्सिल. कंगव्याचा खेळ तिथेच झाला. कपटे हलेनात तेव्हा मी काही बोलले नाही. उत्तर माहीत असून गप्प बसणं शिक्षकाला फार जड जातं, पस्तीस मिनिटांच्या तासात तर ते परवडतच नाही. मुलांनीच कारणं काढायला घेतली. एक म्हणाली, केसांना खोबरेल आहे. दुसरा म्हणाला, कागद जाड आहे. तिसऱ्यानं सगळा दोष कंगव्यावर ढकलला. लगेच बिनतेलाचं डोकं शोधलं, पतंगाचा कागद आणला, दुसरा कंगवा घेतला, सगळं एकदम बदललं. एक कपटा जरासा हलला. आता तो कशामुळे हलला? तेलामुळे, कागदामुळे की कंगव्यामुळे? कोणालाच सांगता येईना. त्यावरून जुंपली, आणि त्या भांडणातून सहावीतल्या एका मुलीनं नियम काढला, ‘एका टायमाला एकच बदलायचं. बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं.’ वैज्ञानिक पद्धत म्हणून मी वर्षानुवर्षं फळ्यावर जे लिहीत आले ते एवढंच होतं.

खरं कारण सापडलं ते वरच्या मजल्यावरच्या आजोबांमुळे. ते गिरणीत साचाखात्यात होते, १९८२ च्या गिरणी संपापर्यंत. पोरांचा गोंधळ ऐकून बाहेर आले आणि म्हणाले, ‘अरे, हवा ओली आहे. आमच्या खात्यात उलटं असायचं. हवा कोरडी पडली की सूत तुटायचं, म्हणून मुद्दाम पाण्याचे फवारे सोडायचे.’ ओलसर हवेत सुती धागा बळकट राहतो आणि घर्षणानं तयार होणारी वीजही त्याच्यावर साठून राहत नाही. मुंबईत कापडगिरण्या फोफावल्या त्याचं एक कारण म्हणून दमट हवा भूगोलाच्या पुस्तकात असतेच. हीच दमट हवा कंगव्यावर आणि कागदावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसवते आणि घासून तयार झालेला विद्युतभार त्यावरून निसटून जातो. मुलांनी कुणाच्या तरी ताईचा हेअर ड्रायर आणला, कंगवा, केस आणि कपटे नीट कोरडे केले. कपटे उडाले! गॅलरीत जो जल्लोष झाला त्यानं खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायला लागली.

आता हाच प्रयोग पहिल्या फटक्यात जमला असता तर? दोन मिनिटं गंमत, आणि ‘स्थितिक विद्युत’ हा शब्द पाठ. फसला म्हणून हवेतली वाफ कळली, गिरणीतलं खातं कळलं, एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम कळला, आणि आपले आजोबा काहीतरी जाणतात हेही कळलं. घरी केलेल्या साध्या प्रयोगांतून मुलं काय शिकतात, असं पालक विचारतात तेव्हा मी त्यांना फसलेल्या प्रयोगांबद्दल सांगते. जमलेल्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नसतंच.

शाळेत फसायला जागा नसते. यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. वर्गात पन्नास-साठ मुलं, प्रयोगाचं सामान एका टेबलावर, पुढच्या दोन रांगांना दिसतं, बाकीच्यांना फक्त बाईंची पाठ. वहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे मथळे. त्यातलं ‘निरीक्षण’ बरीच मुलं प्रयोगाच्या आदल्या दिवशीच गाईडमधून उतरवून आणतात. जे डोळ्यांनी पाहून लिहायचं ते न पाहताच लिहिता येतं आणि त्याला पूर्ण गुण मिळतात, हा धडा मुलांच्या मनावर पक्का बसतो. घरच्या प्रयोगाला गुण नाहीत. मागच्या पानावर उत्तर नाही. आणि आज बिघडला तर उद्या पुन्हा करता येतो.

याचा सर्वांत चांगला मासला म्हणजे परातीतली मेणबत्ती. हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. परातीत पाणी घ्या, मधोमध मेणबत्ती पेटवा, वर काचेचा ग्लास पालथा घाला. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. अनुमानही सगळ्यांना पाठ आहे. हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. माझ्या पिढीनं परीक्षेत हेच लिहिलं आणि गुण घेतले.

आमच्या गॅलरीत हा प्रयोग झाला तेव्हा पाणी नीट दिसावं म्हणून त्यात चिमूटभर हळद घातली होती. मुलांना मी एवढंच सांगितलं, की पाणी किती चढतं ते बघू नका, कधी चढतं ते बघा. पहिल्या वेळी कुणाचंच लक्ष नव्हतं. दुसऱ्या वेळी एक मुलगी परातीला नाक लावून बसली. तिला ग्लासच्या कडेखालून बुडबुडे बाहेर येताना दिसले, अगदी सुरुवातीला, ग्लास ठेवल्या ठेवल्या. म्हणजे आतली हवा बाहेर जात होती! आणि ज्योत जळत होती तोवर पाणी जवळजवळ जागचं हललं नव्हतं. ज्योत विझली आणि मग ते सरसर वर गेलं. ऑक्सिजन हळूहळू जळत असेल तर पाणीही हळूहळूच चढायला हवं. विझल्यावर कशाला चढेल?

मग एकानं वाढदिवसाच्या केकवरच्या बारक्या मेणबत्त्या आणल्या. एक लावून पाहिली, दोन लावून पाहिल्या, तीन लावल्या. ग्लास तोच, परात तीच, पाणी तेवढंच. तीन मेणबत्त्यांना पाणी स्पष्ट जास्त चढलं. ग्लास तोच असेल तर आतला ऑक्सिजनही तेवढाच. तो जास्तीचा कुठून आला? पोरं माझ्याकडे बघायला लागली. खरी गोष्ट अशी आहे, की ज्योतीच्या उष्णतेनं आतली हवा प्रसरण पावते आणि थोडी बुडबुड्यांच्या रूपानं निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते, वाफेचं पाणी होतं, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त तर उष्णता जास्त, आणि चढणारं पाणीही जास्त. ऑक्सिजनचं म्हणाल तर बराचसा शिल्लक असतानाच ज्योत मान टाकते, आणि जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार होतच असतो.

आठवीतला एक मुलगा म्हणाला, ‘मग परीक्षेत काय लिहायचं?’ मी म्हटलं, परीक्षेत काय लिहायचं ते तुझ्या बाईंना विचार, पण विचारताना तीन मेणबत्त्या बरोबर घेऊन जा. तो खरंच घेऊन गेला. बाईंनी सगळ्या वर्गासमोर तो प्रयोग करू दिला, हे त्या बाईंचं कौतुक.

मेणबत्तीवरून आठवलं. मायकेल फॅरडेनं १८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती सगळीच्या सगळी एका मेणबत्तीवर. फॅरडे लोहाराचा मुलगा. शिक्षण जेमतेम. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तकं वाचून आणि त्यांतले प्रयोग स्वतः करून बघून तो शिकला. विजेची मोटर आणि जनित्र ज्या शोधांवर उभं आहे ते त्याचे. आमच्या भागातली मुलं फॅरडेची गोष्ट फार लक्ष देऊन ऐकतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे वडील फिटर, वेल्डर किंवा बाइंडर आहेत, त्यामुळे त्यांना तो घरातला वाटतो.

सुईचा प्रयोगही आमच्याकडे असाच फसला. शिवणाची सुई चुंबकावर एकाच दिशेनं घासायची, पातळ कागदाच्या तुकड्यावर ठेवून वाटीतल्या पाण्यात तरंगवायची, ती उत्तर-दक्षिण होऊन थांबते. आमच्याकडे ती खिडकीजवळ एक दिशा दाखवायची, स्वयंपाकाच्या ओट्याशी दुसरी आणि गॅलरीच्या कठड्याला टेकली की तिसरीच. मुलांनी सुईला खोटारडी ठरवलं. खिडकीला लोखंडी गज, ओट्याखाली गॅसचा सिलिंडर, कठडा लोखंडाचा. सुई बिचारी प्रत्येक ठिकाणी खरंच सांगत होती, फक्त पृथ्वीबरोबर शेजारच्या लोखंडाचंही ऐकत होती.

याच कारणासाठी मुंबईतली एक चुंबकीय वेधशाळा हलवावी लागलेली आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तिथल्या नोंदी जगभर नावाजलेल्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या तारांतून प्रवाह वाहिला की त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि कुलाब्याच्या नाजूक उपकरणांना पृथ्वीपेक्षा ट्रामचाच आवाज जास्त ऐकू आला असता. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते डॉ. नानाभाई मूस. खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा बांधली गेली, तीही लोहाचा अंश नसलेल्या पोरबंदरी दगडात. १९०४ मध्ये ती सुरू झाली. दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्ही ठिकाणी मोजमापं चालली. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. वाटीतली सुई ‘बिघडली’ म्हणून रडवेल्या झालेल्या मुलाला ही हकीकत सांगितली की त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही हेच नडलं होतं! मग सुई घेऊन तो चाळीच्या मधल्या चौकात जातो, लोखंडापासून लांब.

सावलीचा प्रयोग त्याहून सोपा. सामान म्हणजे एक काठी, खडू आणि गच्ची. काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची. सगळ्यात आखूड सावली कधी पडेल? सगळी मुलं एका सुरात सांगतात, बारा वाजता. आणि बारा वाजता सावली अजून आखूड होतच असते. सव्वाबारा झाले, साडेबारा झाले, डोकी तापली, खालून जेवायला हाका आल्या. मे महिन्यात ती आखूड होते बारा पस्तीसच्या सुमाराला. मुलं म्हणाली, ‘बाई, घड्याळ पुढे आहे.’ आणि गंमत म्हणजे त्यांचं खरं होतं.

आपलं घड्याळ मुंबईचं नाहीच. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्ताची, जे प्रयागराजजवळून जातं. मुंबई ७३ अंशांच्या अलीकडे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, तेव्हा सूर्य आपल्या डोक्यावर येतो तो वर्षाची सरासरी धरली तर बारा एकोणचाळीसला. मुंबईनं कितीतरी वर्षं आपली स्वतःची वेळ जपली होती. ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे होता आणि तो १९५५ पर्यंत वापरात होता. माझ्या सासूबाई ‘जुना टाइम’ आणि ‘नवा टाइम’ म्हणायच्या, ते मला त्या काठीपाशी उभं राहूनच नीट कळलं.

वर्षातून दोनदा तर ती सावली चक्क नाहीशी होते. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत मे महिन्यात १५-१६ तारखेला बरोबर आपल्या माथ्यावरून जातो आणि परतताना जुलैच्या २७-२८ तारखेला पुन्हा. दुसऱ्या वेळी ढग असतात, तो दिवस आपल्या कामाचा नाही. ‘दुपारी सूर्य डोक्यावर येतो’ हे वाक्य बालवाडीपासून म्हणणाऱ्या मुलांना, तो वर्षातले फक्त दोन दिवस बरोबर डोक्यावर येतो आणि दिल्लीच्या मुलांच्या तर कधीच येत नाही, हे ऐकून मोठा अन्याय झाल्यासारखं वाटतं. दिल्लीबद्दल मात्र आनंद होतो.

चाळीच्या गॅलरीबद्दल सांगायलाच हवं, कारण अशी प्रयोगशाळा टॉवरमध्ये मिळत नाही. वीस-पंचवीस मीटर सरळ लांबी, एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला अंधार. हातातल्या आरशावर काळा कागद चिकटवला आणि त्यात बोटाच्या नखाएवढं त्रिकोणी भोक कापलं. उन्हातून कवडसा समोरच्या भिंतीवर पाडला तर तो त्रिकोणी. तोच गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या पंचावर पाडला तर चांगला वाटोळा गरगरीत. त्रिकोणी भोकातून गोल उजेड! मुलांनी भोक चौकोनी केलं, चांदणीचं केलं, तरी लांबवर गोलच. कारण तो कवडसा भोकाचा नव्हे, सूर्याचं चित्र आहे. शिंप्याच्या टेपनं अंतर मोजायचं, त्या वर्तुळाचा व्यास मोजायचा, भागाकार करायचा. पंचवीस मीटरवर साधारण तेवीस सेंटिमीटर, म्हणजे उत्तर एकशेआठच्या आसपास. सूर्याचा व्यास चौदा लाख किलोमीटरच्या जवळपास आहे एवढं पुस्तकातून घेतलं की सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे हे पाचवीतल्या गुणाकारानं निघतं. एकशेआठ आकडा आला की चाळीत कुणीतरी जपमाळ काढतंच. पण मोजताना कुणाचं शंभर येतं, कुणाचं एकशेबारा. चार जणांच्या मापांत फरक का पडला हे शोधण्यात जास्त शहाणपण आहे. एक सक्त सूचना मात्र आहे. सूर्याकडे किंवा आरशातल्या सूर्याकडे थेट बघायचं नाही, आणि कवडसा कुणाच्या डोळ्यांवर मारायचा नाही.

पावसाचं मोजमाप करायला सरळ उभ्या बाजूंची बरणी पुरते. गच्चीवर उघड्यावर ठेवा, सकाळी ठरल्या वेळी पट्टी लावा, मिलिमीटर लिहा. आमच्या बरणीचा आकडा टीव्हीवरच्या आकड्याशी कधीच जुळत नाही आणि मुलं नाराज होतात. मग त्यांना २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगते. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला ७३. मग लालबागचा खरा आकडा कोणता? लालबागच्या बरणीतला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबानं तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटरला पंधरा हजार लिटर पडतं, म्हणजे पाण्याचा मोठा दीड टँकर. हे गणित मुलांनी स्वतः केल्यावर जवळच्या हिंदमाता चौकात पाणी का तुंबतं, यावरची त्यांची चर्चा नगरसेवकांनी ऐकण्यासारखी होती.

हे सगळं मुंबईला नवं नाही. मुलांनी हातांनी करून विज्ञान शिकावं यासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं केलं, ते १ जुलै १९७४ रोजी सुरू झालं नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. गिरगावातून पायी जाण्याएवढं अंतर. डॉ. वि. गो. कुलकर्णी त्याचे संस्थापक संचालक. मानखुर्दच्या आजच्या आवारात केंद्र गेलं १९९२ मध्ये. मूलभूत संशोधनातली माणसं पालिकेच्या शाळेत बसून सहावी-सातवीच्या मुलांना विज्ञान का अवघड जातं याचा विचार करत होती, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ चं. तिथे मुलांना उपकरणांना हात लावू देतात, ‘हात लावू नका’ अशी पाटी नाही, एवढ्यासाठीसुद्धा न्यावं.

अरविंद गुप्तांचं नाव इथे घ्यायलाच हवं. कानपूर आयआयटीतून शिकलेला हा माणूस १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेला, आणि आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून त्यानं भूमिती उभी केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी केली, आणि सगळी फुकट सगळ्यांसाठी खुली ठेवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुक्तांगणची इमारत ‘पुलस्त्य’ पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली आहे. ‘बटाट्याची चाळ’ लिहिणाऱ्याच्या पैशातून मुलांची प्रयोगशाळा व्हावी, हे मला चाळीत राहणारी म्हणून विशेष आवडतं.

आता थोडं कडू. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा १९८१ पासून चालू आहे, सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. तिच्यात लेखी परीक्षा आहे, प्रात्यक्षिक आहे, स्वतः करायचा प्रकल्प आहे. स्पर्धेचा हेतू उत्तम आहे. पण या प्रात्यक्षिकाचीसुद्धा आता शिकवणी लागते, आणि अकरा वर्षांचं मूल मोजमाप करण्याऐवजी मोजमापाची अपेक्षित उत्तरं पाठ करतं. प्रकल्प आई-वडील रात्री जागून करतात. विज्ञान प्रदर्शनातला थर्मोकोलचा ज्वालामुखी तर दुकानात तयारच मिळतो. मिश्रणाचं पाकीट असलेला विज्ञानाचा किटही मिळतो, पाण्यात टाकलं की फसफसतं. तो कधीच फसत नाही, हीच त्याची अडचण.

त्यापेक्षा लालबागच्या मसाला गल्लीतून दहा-वीस रुपयांची हळद आणावी. वरणाचा डाग पडलेला शाळेचा पांढरा शर्ट साबणानं घासला की डाग लाल होतो, हे घरातल्या प्रत्येक बाईनं पाहिलेलं आहे. पाण्यात कालवलेली हळद पांढऱ्या कागदाला लावून वाळवायची, पट्ट्या कापायच्या. साबणाचं पाणी लावलं की पट्टी तांबूस, पानवाल्याकडचा चुना लावला की लालभडक. हळदीचं पूर्वापार कुंकू होतं ते चुन्यामुळेच, हे आजीला विचारून घ्यावं. लाल पट्टीवर लिंबू पिळलं की परत पिवळी. पण कोऱ्या पिवळ्या पट्टीवर लिंबू पिळलं तर काहीच होत नाही, आणि इथे मुलं हिरमुसतात. हळद अल्क ओळखते. आम्लाच्या बाबतीत मूग गिळून बसते. आम्ल ओळखायला दुसरं काहीतरी हवं. दादरच्या फूलबाजारातली लाल जास्वंद गरम पाण्यात ठेवून तिचा अर्क करावा, तो लिंबानं लालगुलाबी होतो आणि खायच्या सोड्यानं हिरवट. ‘काहीच झालं नाही’ हेसुद्धा एक निरीक्षण आहे, ते कागदावर लिहायचं असतं, हे मुलांना पटायला बराच काळ जातो. मोठ्यांना पटायला आणखी जास्त.

पालकांना दोन-तीन गोष्टींची ताकीद. भिंतीतल्या विजेशी खेळ नको, बॅटरीचा सेल पुरे. संडास धुण्याचं आम्ल आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. ज्योत पेटवायची असेल तेव्हा मोठं माणूस शेजारी हवंच. आणि ते मोठं माणूस शक्यतो गप्प बसणारं असावं.

येत्या १५ आणि १६ मे या दोन्ही दिवशी दुपारी सव्वाबारापासून पाऊण वाजेपर्यंत गच्ची उघडी हवी. सोसायटीच्या सेक्रेटरींकडून किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवा, आयत्या वेळी ते जेवायला बसलेले असतात. एक सरळ बाटली, खडू आणि डोक्यावर टोपी, एवढंच सामान न्या. सावली आधी मुलांनाच शोधू द्या.